मिठाचं पाणी

आमच्या मंडळीत एक रीत आहे. कुणी लांबचा प्रवास करून आलं, मोठ्या दुखण्यातून उठलं, की पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून त्यानं साक्ष द्यायची. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. पाच-सात मिनिटं, फार पाल्हाळ नाही. मी आयर्लंडहून धाराशिवला परतलो त्याच्या तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला. "सर, या रविवारी तुमची साक्ष ठेवतोय." मी "बघू" म्हणालो. त्यांना आश्चर्य वाटलं असणार. चाळीस वर्षं मी त्या उपासनेत शास्त्रपाठ वाचत आलोय, आणि पुढे बोलावल्यावर 'बघू' म्हणणाऱ्यांतला मी नाही.

अडचण साधी होती. साक्षीत सांगावं असं काही हाती लागलं नव्हतं. डोळे पाणावले नव्हते, प्रकाश दिसला नव्हता, मनावरचं ओझं उतरलं नव्हतं. उतरलं होतं ते वजन, दोनेक किलो. आणि पायांचे तळवे अजून हुळहुळत होते.

गेलो होतो ते मात्र प्रकाशासाठीच, हे कबूल करायला हवं. शाळेतून निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत माझ्या लक्षात आलं की रविवारचा पाठ मी हजेरी घेतल्यासारखा वाचतो. ओळी तोंडपाठ, कुठं थांबायचं ते ठाऊक, आवाज खणखणीत. आत काही हलत नाही. हे सांगायचं तरी कुणाला? श्रद्धा गेली असती तर निदान तसं म्हणता आलं असतं. ती होती जागच्या जागी, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखी. डब्लिनला नर्स असलेल्या भाचीपाशी मी हे फोनवर अर्धंमुर्धं बोलून गेलो, तर तिनं दवाखान्यात नंबर लावावा तसं माझं नाव एका यात्रेत लावून टाकलं. "मामा, तुम्ही फक्त व्हिसाचं बघा, बाकीचं मी बघते." तिच्या ओळखीच्या केरळी कुटुंबांनी काढलेल्या यात्रेचं पत्रक तिनं धाडलं. वर हिरवा डोंगर आणि खाली ठळक अक्षरांत आत्मिक नूतनीकरणाचं आश्वासन.

नूतनीकरण म्हटलं की मला वाहन परवाना आठवतो. आमच्या लोकांचा शब्द वेगळा आहे: उज्जीवन. उन्हाळ्यात गावोगाव उज्जीवन सभा होतात, बाहेरचे वक्ते येतात, मांडव पडतो. आणि या शब्दामागे एक आठवण आहे. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुलींच्या प्रार्थनेला असं काही उधाण आलं की त्या रात्ररात्र रडत, ओरडत, हात जोडून बसल्या. त्याआधी वेल्समध्ये असंच उज्जीवन झाल्याच्या बातम्या तिथं पोचल्या होत्या आणि रमाबाईंनी प्रार्थनेचे गट पाडून दिले होते. आमचे आजोबा ही हकिगत सांगताना जणू स्वतः त्या व्हरांड्यात उभे होते असं वाटे. त्यांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. त्या गोष्टीनं आमच्या घरात एक अपेक्षा रुजवली: खरा विश्वास असेल तर जन्मात एकदा तरी अंगातून वीज गेली पाहिजे. माझ्या अंगातून कधी गेली नाही. साठी उलटल्यावर माणूस अशा गोष्टींचा हिशेब मांडायला लागतो.

त्याच आजोबांना यात्रा हा शब्द मात्र चालत नसे.

आमचं मूळ घर तामलवाडीजवळ, सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून. दसऱ्याला सीमोल्लंघन करून तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या रात्री सोलापुरातून, अक्कलकोटाकडून, पार कर्नाटकातून माणसं अनवाणी चालत तुळजापूर गाठतात. नुसतं सोलापूर धरलं तरी सुमारे ४५ किलोमीटर. लहानपणी आम्ही गोधडी पांघरून ओट्यावर बसायचो. अंधारात आधी 'आई राजा उदो उदो' ऐकू यायचं, मग पायांचा आवाज. हजारो अनवाणी पायांचा आवाज म्हणजे ओलं पोतं जमिनीवरून कुणी ओढत नेतंय तसा. आजोबा आत कंदिलाशी शास्त्र उघडून बसलेले असत. "तारण कृपेनं होतं, पायांनी नाही," हे वाक्य त्या रात्री एकदा तरी यायचंच. आणि तरी दुपारीच त्यांनी आजीला चुलवण पेटवायला सांगितलेलं असायचं.

चुलवणावर पाणी तापायचं. त्यात मूठमूठ जाडं मीठ. ते घमेल्यात ओतून ओट्याखाली ठेवायचं. फोड आलेले पाय त्यात सोडून माणसं घटकाभर बसायची, "लई बरं वाटलं, माय" म्हणायची, उठून पुढं जायची. प्यायला पाणी का ठेवत नाही असं मी एकदा विचारलं, तर आजी म्हणाली, "पितील का आपलं?" आमच्या घराण्याची मूळ जात त्या रस्त्यावरच्या पुष्कळांना ठाऊक होती आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ती काही धुतली गेली नव्हती. पायाला मात्र विटाळ नसतो. म्हणून रांजण नाही, घमेलं. हे मला उमगायला पुढं कित्येक वर्षं लागली. त्या वयात पाण्यात मीठ टाकायची मजा तेवढी कळायची.

या जिल्ह्यात जो तो कुठं ना कुठं निघालेला असतो. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचायला, तेरला गोरोबाकाकांच्या समाधीला, गावातच ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला, जैन मंडळी कुंथलगिरीला. चालत कुठंच न जाणारे असे बहुधा आम्हीच. प्रोटेस्टंट माणसाला देव भेटायचा तो पुस्तकात आणि मनात. डोंगर, तळी, हाडं, समाध्या यांच्याशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून पत्रक हातात घेतलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटली ती चोरी.

निघण्याआधी मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' पुन्हा काढून वाचलं. २०२० च्या जानेवारीत ९३वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, आणि फादर अध्यक्ष होते. संमेलनाध्यक्षपदी ख्रिस्ती धर्मगुरू ही गोष्ट काहींना रुचली नव्हती. बोलणी बरीच झाली. मी मांडवात मागच्या रांगेत होतो. शेजारचे गृहस्थ भाषण ऐकून माझ्याकडे वळून म्हणाले, "ख्रिश्चन असून मराठी किती छान आहे हो!" मी "हो ना," म्हणालो. वसईच्या त्या माणसाला ज्ञानोबा-तुकोबा घरचे होते हे त्यांना सांगत बसलो नाही, आणि मीही ख्रिस्तीच आहे हेही नाही. तर ते पुस्तक. येशूच्या भूमीत गेलेला हा धर्मगुरू स्वतःच्या आत काय होतंय याकडे बघत बसत नाही. तिथले ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती एकमेकांशी का भांडतायत याकडे बघत राहतो. मला ते पहिल्या वाचनात थोडं कोरडं वाटलं होतं.

आयर्लंडचा पहिला आठवडा पत्रकाप्रमाणे पार पडला. नॉकला गेलो. १८७९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या खेड्यातल्या पंधरा जणांना भर पावसात देवळाच्या भिंतीशी मरिया, योसेफ आणि योहान दिसले. मरिया एक शब्दही बोलली नाही, हे मला त्या साऱ्या कथेत फार आवडलं. आज तिथं भलंमोठं मंदिर आहे, प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून तीर्थ आहे, आणि डोंगराळ मुलखात यात्रेकरूंसाठी १९८६ साली झालेला विमानतळही आहे. बाटल्यांच्या दुकानांची रांग बघून तुळजापूरच्या महाद्वाराची आठवण झाली, फक्त कुंकू नव्हतं. केरळी बायका गुडघ्यावर बसून मनापासून प्रार्थना करत होत्या. मी घड्याळ बघत होतो.

क्रोक पॅट्रिक हा ७६४ मीटरचा डोंगर. तिथले लोक त्याला नुसतं 'रीक' म्हणतात. संत पॅट्रिकनं त्याच्या माथ्यावर चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. आम्ही गेलो ते जूनमध्ये. डोंगर ढगात होता. पायथ्याच्या पुतळ्यापुढं थोडं चढून माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. तिथल्या दगडावर बसून मी पॅट्रिकचा विचार करत राहिलो. हा पोरगा मूळचा आयरिश नव्हे, ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षी त्याला चाच्यांनी पळवून आयर्लंडला गुलाम म्हणून विकलं. सहा वर्षं त्यानं गुरं-मेंढरं राखली, मग पळाला, घरी पोचला. आणि काही वर्षांनी परत तिथंच आला, ज्यांनी गुलाम केलं त्यांच्यातच. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पोरवयात त्याच डोंगरदऱ्यांत प्रार्थना सुचली होती म्हणे. ती तेवढ्यावर संपली असती तर त्याचं नाव कुणी घेतलं नसतं.

तोवर एक गोष्ट मात्र नजरेत भरली होती. देवळं रिकामी होती. डब्लिनच्या एका भल्या मोठ्या चर्चमध्ये रविवारी आम्ही मोजून तीसेक जण होतो आणि त्यातले निम्मे आपलेच, केरळ नि गोव्याकडचे. २०१६ च्या जनगणनेत आयर्लंडमधले ७९ टक्के लोक कॅथलिक होते, २०२२ मध्ये ६९. सहा वर्षांत दहा टक्के म्हणजे गाव सोडून जावं तसं झालं. भाचीच्या वॉर्डातली एक आयरिश नर्स आमच्याबरोबर जेवायला आली होती. मी भाबडेपणानं विचारलं, तुम्ही यात्रेला का जात नाही? ती शांतपणे म्हणाली, माझी आजी ज्या संस्थेत वाढली तिथलं तुम्हाला माहीत नाही. मग भाचीनं रात्री सांगितलं. धर्मसंस्थांच्या निवासी शाळांत मुलांवर झालेले अत्याचार, २००९ चा रायन आयोगाचा अहवाल, टुआममधल्या आश्रमात मेलेली ७९६ लेकरं आणि त्यांच्या नोंदी एकटीनं धुंडाळणारी कॅथरिन कॉर्लेस ही स्थानिक बाई. एवढं सारं ज्या मातीत आहे तिथं आपण उज्जीवन मागायला आलोय, आणि ते पत्रकावर छापलंय. मला त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटचे तीन दिवस लॉख डर्ग. डोनेगलमध्ये एका तळ्यात एवढंसं बेट आहे, त्याचं नाव संत पॅट्रिकचं शुद्धिस्थान. मध्ययुगात इथं एक गुहा होती, तिच्यात एक रात्र काढली की जिवंतपणी नरक बघून परत येता येतं, अशी ख्याती युरोपभर होती. १४९७ मध्ये पोपनं ती गुहा बंद करवली, १६३२ मध्ये सरकारनं उद्ध्वस्त केली. १७०४ च्या कायद्यात तर या जागेचं नाव घालून बंदी आली: जो येईल त्याला दहा शिलिंग दंड, नाहीतर जाहीर फटके. कायदा करणारे प्रोटेस्टंट राज्यकर्ते, म्हणजे म्हटलं तर आमचेच. लोक येत राहिले. ते कशासाठी येत राहिले हा प्रश्न मला बेटावर उतरेपर्यंत पडला नव्हता.

पेटिगो गावापुढं तळं लागतं. होडीतून उतरलं की बूट-मोजे काढून ठेवायचे ते तिसऱ्या दिवशी निघतानाच पुन्हा घालायचे. मोबाइल नाही. आदल्या मध्यरात्रीपासून उपास. दिवसातून एकदा जेवण: कोरडा भाजलेला पाव, ओटची बिस्किटं, बिनदुधाचा चहा. पहिली रात्र पूर्ण जागायची. आणि या तीन दिवसांत नऊ फेरे. एक फेरा म्हणजे आधी देवळात, मग पॅट्रिकच्या क्रुसापाशी, मग ब्रिजिडच्या क्रुसाला पाठ लावून दोन्ही हात पसरून जगाचा, देहाचा, सैतानाचा त्याग उच्चारायचा. मग देवळाला चार प्रदक्षिणा. मग दगडी गोल आहेत त्यांच्याभोवती आणि आत, तीन-तीनदा, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून. या गोलांना ते बिछाने म्हणतात. पूर्वीच्या साधूंच्या कुट्यांचे उरलेले पाये आहेत ते. ब्रिजिडचा बिछाना, ब्रेंडनचा, कोलंबाचा, अशी नावं. दगड ओले, टोकदार, उताराचे. शेवटी तळ्याच्या काठाशी पाण्यात पाय टेकून उभं राहायचं. मरियेची प्रार्थना आमच्यात नसते, म्हणून तिच्या जागी मी तेविसावं स्तोत्र मराठीत म्हणत होतो. कुणी हरकत घेतली नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष पाऊल कुठं टाकायचं इकडे.

मला अपेक्षित होतं ते असं की, या कष्टातून काहीतरी फुटून वर येईल. मुक्तीतल्या मुलींसारखं. पण तिसऱ्या फेऱ्याला माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की डावा अंगठा दगडाला लागलाय आणि पुढचा 'आमच्या स्वर्गातील पित्या' कितवा आहे ते विसरलंय. चिलटं तर अशी की नाकातोंडात जावीत. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे अंधाराचाही आधार नाही. दहानंतर जागर सुरू झाला. देवळाचे दरवाजे लावून रात्रभरात चार फेरे आतच, सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. कुणी पेंगू लागलं की शेजारचा कोपर मारी. मागच्या बाकावरचा एक तरुण उभ्याउभ्या झोपला आणि दाणकन आपटला; बाहेर नेऊन त्याला हवा दिली, पुन्हा आणून उभा केला. कोजागरी पौर्णिमेच्या नावातच 'कोण जागं आहे' हा प्रश्न आहे, हे मी वर्गात मुलांना किती वेळा सांगितलं असेल. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदा आली ती डोनेगलात.

पहाटे तीनच्या सुमारास जागरात जरा विसावा होता. एका खोलीत सगळे अंग शेकायला बसले होते. पांढऱ्या केसांच्या एका आयरिश बाईनं माझ्यापुढं वाफाळता कप ठेवला. "सूप घ्या." मी चाखून बघितलं. गरम पाणी, मीठ आणि मिरपूड. बस्स. या बेटाचं हे प्रसिद्ध सूप. उपास मोडत नाही आणि पोटाला वाटतं काहीतरी गेलं. मी हसलो तशी ती म्हणाली, "तुम्ही कुठल्या पंथाचे?" प्रोटेस्टंट म्हटल्यावर तीही हसली, आजूबाजूचे दोघे-तिघेही. मला कळेना. मग तिनं सांगितलं.

१८४५ पासून चार-पाच वर्षं बटाट्याच्या रोगानं आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. दहाएक लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. काही प्रोटेस्टंट मिशनांनी सूपगृहं काढली, आणि त्यांतल्या काहींनी सूपाबरोबर आपला पंथही वाढला. अ‍ॅकिल बेटावरच्या मिशनचं नाव त्यात पुढं येतं. क्वेकर लोकांनी कसलीच अट न घालता अन्न दिलं, पण लोकांच्या लक्षात राहिले ते दुसरे. ज्यांनी पंथ बदलला त्यांच्याबद्दल म्हणत, 'सूप घेतलं'. नातवंडांपर्यंत हा शिक्का जायचा. दीडशे वर्षांनंतरही म्हातारी माणसं एखाद्या घराबद्दल हळूच म्हणतात, त्यांनी सूप घेतलं होतं.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. माझ्या पणजोबांना १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांच्या आईनं सोलापूरला अमेरिकन मिशनच्या दारात आणून सोडलं. आमचं गाव तेव्हा निजामाकडे, नळदुर्ग जिल्ह्यात, सोलापूर इंग्रजांकडे. पोर सात-आठ वर्षांचं होतं. ते जगलं म्हणून मी आहे. आणि 'भाकरीसाठी बाटले' हे वाक्य मी शाळेत शिकताना ऐकलंय, शिक्षक झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत ऐकलंय. आजोबांना ते इतकं लागे की ते उज्जीवनाच्या, विजेच्या, प्रकाशाच्या गोष्टी सांगत राहिले. आमचा विश्वास भाकरीतून नाही, वरून आला, हे सिद्ध करायची त्यांची ती धडपड असावी. हे मला त्या पहाटे, परक्या देशात, मीठमिरीचं पाणी पिताना पहिल्यांदा सुचलं. त्या बाईला मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भुकेल्या पोराला खायला मिळालं ना?" आणि माझा कप पुन्हा भरला.

मी विचारलं, तुम्ही किती वेळा आलात इथं? तेहतीस. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. तेहतीस वेळा? का? दरवेळी काही नवीन मिळतं का? ती जरा गोंधळली, कुणी अवघड हिशेब विचारावा तशी. "गेल्या वर्षी आले होते म्हणून," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "नवरा गेला त्या वर्षी आले नव्हते. चुकलं ते."

तिची ती दोन वाक्यं मी बरोबर घेऊन आलो. आपल्याकडे यात्रा आणि वारी हे शब्द वेगळे का आहेत, हे मी मराठीचा मास्तर असून कधी नीट बघितलं नव्हतं. यात्रेला माणूस काहीतरी घेऊन जातो, नवस, संकट, प्रश्न, आणि काहीतरी घेऊन यायची आशा धरतो. वारी म्हणजे फेरी. गेल्या खेपेला गेलो म्हणून या खेपेला. वारकऱ्याला कुणी विचारत नाही की यंदा काय अनुभव आला. विचारतात, यंदा वारी चुकली तर नाही ना? तुळजापूरच्या रस्त्यानं जाणाऱ्यांनाही आमच्या ओट्यावर एकच प्रश्न विचारला जाई, पाय फार दुखतायत का. माझ्यापाशी चाळीस वर्षांचे शास्त्रपाठ होते, म्हणजे एक प्रकारची वारीच होती, आणि तिच्यात वीज नाही म्हणून मी तिला मेलेली समजून हजारो मैल लांब वीज शोधायला आलो होतो. सवयीची झाली म्हणून श्रद्धा विझली, हा माझा निष्कर्ष मी कुठल्या आधारावर काढला होता? त्या बाईची श्रद्धा तेहतीस वर्षांत सवयीची झाली नसेल?

नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी पोचले असं आमच्यात अभिमानानं सांगतात. अभंग त्यांनी आणला, कीर्तन आणलं. आमच्या उपासनासंगीतातली किती पदं त्यांची आहेत. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तो तर बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र बसवण्यासाठी. दोनच वर्षांनी ते गेले. टाळ आमच्याकडे आले, चिपळ्या आल्या. चालणं मात्र आलं नाही. आम्ही उभे राहून गातो आणि खाली बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पापनिवेदन, मग एक फेरा. मी निवेदनाला बसलो नाही, मिस्साच्या वेळी प्रभुभोजनालाही उठलो नाही. तो त्यांचा नियम आहे आणि मला पाळावासा वाटला. बाकावर अनवाणी बसून रांगेतल्या लोकांचे पाय बघत राहिलो. सुजलेले, खरचटलेले, चिखलाळलेले, निळ्या शिरांचे. शेमस हीनी तरुणपणी इथं येऊन गेला होता, पुढं त्यानं या बेटावर दीर्घ कविता लिहिली आणि त्याला नोबेलही मिळालं. त्याचेही पाय असेच झाले असतील. त्या रात्री दहाला झोपायची परवानगी मिळाली. आयुष्यात इतकी गाढ झोप मला लागलेली आठवत नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचा फेरा करून बूट चढवले तर ते आत जाईनात. होडीत सगळे त्यावर हसत होते. कुणी कुणाला काय वाटलं ते विचारलं नाही. एकानं मात्र विचारलं, पुढच्या जूनला येणार का? माझ्या निवृत्तिवेतनात ते बसत नाही, असं मी म्हणालो.

तर साक्ष. रविवारी मी उभा राहिलो आणि पायांबद्दल बोललो. सूपाबद्दल, पणजोबांबद्दल, त्या तेहतीस वेळांबद्दल. टुआमच्या लेकरांबद्दलही सांगितलं. ते सांगितल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघींनी मान खाली घातली. दहा मिनिटं झाली असतील. शेवटी सगळे नेहमीसारखं 'आमेन' म्हणतात तसे म्हणाले, जरा थांबून. पाळकसाहेब दारात हात मिळवताना म्हणाले, "छान होतं, सर. पण प्रभूनं तुमच्या जीवनात काय केलं, ते राहिलं." मी म्हणालो, "हो, ते राहिलं." आणि पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे पाठ वाचला. आवाज तसाच, थांबे तेच. हजेरीत एखादं नाव वाचताना तो मुलगा खरंच वर्गात आहे का म्हणून मान वर करावी, तसं मात्र एकदोनदा झालं.

आश्विनात मी तामलवाडीला गेलो. जुनं घर आता चुलतभावाच्या मुलाकडे आहे. ओटा राहिलेला नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेला. पुतण्यानं गॅसच्या मोठ्या शेगडीवर पाणी तापवून दिलं. मीठ मी दुकानातून जाडं शोधून आणलं होतं. आता सगळीकडे बारीकच मिळतं. रस्त्याकडेला ठिकठिकाणी मांडव होते, चहा, केळी, चिवडा, पायांना लावायला मलम, लाउडस्पीकर. आमच्या घमेल्याकडे तासभर कुणी फिरकलं नाही. मी खुर्चीत बसून होतो. रात्री दीड-दोनला एक बाई लंगडत बाजूला झाली, पन्नाशीची असेल, बरोबर एक पोरगी. पाय घमेल्यात सोडला आणि डोळे मिटून घेतले. पोरीनं प्यायला पाणी मागितलं. पुतण्यानं आतून तांब्या आणून दिला. ती घटाघटा प्यायली, मग आईला दिला, आईही प्यायली.

पाणी निवलं तशी बाईनं पाय बाहेर काढून पदराच्या टोकानं पुसला. "लई बरं केलंसा," ती म्हणाली. "गेल्या साली हितं कोन दिसलं न्हाई. दरसाल असता का?"

पुतण्यानं माझ्याकडे बघितलं.

"असतो," मी म्हणालो.